वाढ आणि विकास : बीड जिल्ह्याच्या निमित्ताने

लहान मुलाचे अंग भरले की आपण म्हणतो, पोराने बाळसे धरले. तेच अंग सुजून भरले तर आपण धावत वैद्याकडे जातो. वास्तविक दोन्ही वेळी अंग वाढलेलेच असते, आणि मूल तराजूत घातले तर दोन्ही वेळी वजन जास्तच भरते. बाळसे कोणते आणि सूज कोणती, हे तराजूला कळत नाही. ते आईला कळते. एखाद्या प्रदेशाचे उत्पन्न वाढले म्हणजे त्या प्रदेशाचा विकास झाला असे म्हणावे काय, हा प्रश्न ह्याच जातीचा आहे. त्याचा विचार दूरच्या देशांची उदाहरणे घेऊन करता येईल. परंतु आम्हांला वाटते की तो आपल्या बीड जिल्ह्याच्या अंगणातच करावा. कारण येथे त्याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही, ते दर वर्षी दिवाळीच्या आसपास रस्त्यावरून जाताना दिसते.

आधी उत्पन्न मोजतात कसे ते पाहू. एका वर्षात एखाद्या प्रदेशात जो माल निघाला आणि ज्या सेवा विकल्या गेल्या, त्यांची पैशात किंमत करावयाची, त्यातून कच्च्या मालाचा खर्च वजा करावयाचा, आणि उरेल ते त्या प्रदेशाचे उत्पन्न. शेतकऱ्याची ज्वारी, दुकानदाराचा नफा, एस.टी.च्या वाहकाचा पगार, डॉक्टरांची फी, हे सर्व त्यात येते. हा हिशेब मोलाचा आहे. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला निबंध वाचला, तेव्हा त्यांच्यापाशी हेच हत्यार होते. दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये आहे असे त्यांनी काढले, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चही त्याहून जास्त आहे हे दाखवून दिले. आकडा बोलू लागला की सत्तेलाही ऐकावे लागते.

परंतु दादाभाईंची रीत नीट पाहावी. ते नुसता आकडा सांगून थांबले नाहीत. त्या २० रुपयांत माणूस जगतो कसा, हे त्यांनी पुढे विचारले. आपण आकडा घेतला आणि प्रश्न सोडून दिला. अमेरिकेत राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी तयार करणारे अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ सालीच आपल्या संसदेला बजावले होते की, ह्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज करू नये. हत्यार घडवणाऱ्यानेच दिलेला हा इशारा आहे.

हा हिशेब तीन ठिकाणी चकवतो. पहिली गोष्ट, तो बऱ्यावाईटाची निवड करीत नाही. पाऊस पडला आणि विहीर भरली तर हिशेबात फारसे काही पडत नाही. विहीर आटली, टँकर मागवावा लागला, नवे बोअर खोदावे लागले, तर त्या सर्वांचे पैसे उत्पन्नात जमा होतात, आणि जमिनीच्या पोटातले पाणी कमी झाले ते मात्र कोठेच वजा होत नाही. दुसरी गोष्ट, ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम त्याला दिसत नाही. खाणावळीतली भाकरी हिशेबात येते, आईने थापलेली येत नाही. तिसरी गोष्ट सरासरीची. एकाच्या घरी शंभर पोती आणि शेजारच्या तिघांच्या कणगी रिकाम्या, तरी चौघांची सरासरी पंचवीस पोती निघते. सरासरीने कोणाचेही पोट भरत नाही.

आता जिल्ह्याकडे येऊ. येथे काही झालेच नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली तेव्हा हा जिल्हा कोणत्या स्थितीत होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून अनेकांनी ऐकले असेल. त्यानंतर बिंदुसरेवर धरण झाले. पैठणच्या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले, आणि त्याचा उजवा कालवा गेवराई-माजलगावकडे आला. सिंदफणेवर माजलगावचे आणि मांजरेवर धनेगावचे धरण उभे राहिले. परळीला १९७१ मध्ये औष्णिक विजेचा पहिला संच सुरू झाला. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेही ग्रामीण भागात. १९९५ साली मंजूर झालेल्या रेल्वेमार्गावरून १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहराला अहिल्यानगरची गाडी जोडली गेली. २००१ साली शंभरातील ६८ माणसे साक्षर होती, २०११ साली ७७ झाली. उत्पन्न वाढले, दुकाने वाढली, मोटारी वाढल्या. ही वाढ खरी आहे. प्रश्न एवढाच की, ती बाळसे आहे की सूज?

परळीचेच पाहा. कोळसा बाहेरून यावयाचा, पाणी गोदावरीचे, आणि तयार झालेली वीज तारांवरून राज्यभर जावयाची. रोजगार मिळाला, गाव वाढले, हे मान्य. राख तेवढी जागेवर राहिली. आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली. २०१५ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. धनेगावच्या धरणाचीही तीच कथा. ज्या लातूर शहराला ते पाणी पुरवते, त्या शहरासाठी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. यंत्रे आली, शहरे वाढली. पण ती ज्या पाण्यावर उभी होती त्या पाण्याचा ताळेबंद कोणी मांडला नाही. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पाऊस बेताचा, माती हलकी. अशा प्रदेशात जमिनीत मुरलेले पाणी हेच खरे भांडवल, आणि भांडवल खाऊन आलेल्या पैशाला नफा म्हणू नये, हे कोणताही व्यापारी सांगेल.

परंतु ह्या जिल्ह्याची मोठी कहाणी वेगळीच आहे. ती उसाची आहे, आणि गंमत अशी की तो ऊस बहुतांशी दुसऱ्यांच्या शेतातला आहे.

१९५० साली प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला. शेतकरीच कारखान्याचा मालक, ही कल्पना थोर होती, आणि त्यातून पश्चिम महाराष्ट्रात शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले. विकासाचे उदाहरण म्हणून ते आजही सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण उसाची तोडणी हाताने व्हावयाची, आणि तोडणारे हात पाटाच्या पाण्याजवळ मिळत ना. ते मिळाले पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज ह्या कोरडवाहू तालुक्यांत. जेथे खरीप निघाला की पुढचे सहा महिने हाताला काम नाही, तेथून माणसे निघाली. आज दर हंगामाला ह्या एका जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात.

ही व्यवस्था चालते कशी, ते शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी समजून घेतले पाहिजे. कारखान्याच्या वाहतूकदाराकडून मुकादमाला रक्कम मिळते आणि मुकादम ती मजुरांना उचल म्हणून देतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, म्हणजे दोघांना मिळून. आणि ती बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. बाईने किती ऊस तोडला, किती मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवल्या, ह्याची वेगळी नोंद नाही. उचलीचे पैसे पावसाळ्यातच घरदुरुस्तीत, लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात संपतात. मग दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीवर चढते, आणि उन्हाळा लागेपर्यंत फडाजवळच्या कोपीत संसार. पहाटे फडात शिरावयाचे, गाडी आली की रात्री-अपरात्री भरावयाची. एखादा दिवस काम चुकले तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपला आणि हिशेबात उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणजे माणूस कामाला जातो तो मजुरी मिळवण्यासाठी नव्हे, घेतलेली मजुरी फेडण्यासाठी.

येथे वाढीचा हिशेब काय सांगतो? साखरेचे उत्पादन वाढले. कारखान्यांची गाळपक्षमता वाढली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, म्हणजे मजुरीही वाढली. ह्यांतली प्रत्येक गोष्ट वाढीच्या बाजूला जमा आहे. आणि उचलीची रक्कम जेव्हा जिल्ह्यात येते, तेव्हा आपल्या बाजारपेठेत कापड विकले जाते, भांडी विकली जातात, किराण्याची उधारी फिटते. आपण शहरातली माणसे त्या पैशाने गल्ला मोजतो. म्हणून हा प्रश्न केवळ खेड्यातल्यांचा आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

आता त्याच हिशेबाची दुसरी बाजू पाहू. २०१९ च्या जून महिन्यात विधान परिषदेत सरकारने सांगितले की, त्याआधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यावर समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे जवळजवळ सहांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत देशभर हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन पाहण्यांची रीत वेगळी, वयोगट वेगळे, म्हणून काटेकोर तुलना करू नये. पण एवढा फरक रीतीच्या फरकाने भरून निघत नाही.

हे का होते? कोपीजवळ न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहाव्या लागतात. अंगावरून जाते, पोट दुखते, जंतुसंसर्ग होतो. दवाखान्यात जावे तर खाडा पडतो. वर्षानुवर्षे अंगावर काढलेले दुखणे घेऊन बाई गावी परतते, तेव्हा तिला सांगण्यात येते की पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. कधी कर्करोगाची भीती घातली जाते. पदरात दोन-तीन मुले आहेत, लग्न लवकर झाल्याने ती मोठीही झाली आहेत. मग तिशीच्या आतबाहेरच्या वयात शस्त्रक्रिया होते. तिचा खर्च भागवायला पुन्हा उचल. आणि कंबर, सांधे, हाडे ह्यांची दुखणी पुढे जन्मभर.

ह्यातील अर्थशास्त्र लक्षात घ्यावे. त्या शस्त्रक्रियेचे शुल्क जिल्ह्याच्या उत्पन्नात जमा झाले. खोलीचे भाडे जमा झाले, औषधांची विक्री जमा झाली. खाडा वाचला म्हणून तुटलेला जास्तीचा ऊस साखरेच्या उत्पादनात जमा झाला. गेले ते एका बाईचे आरोग्य. त्याला खाते नाही, म्हणून ते खर्ची पडले नाही. वाढीचा आकडा खोटे बोलला नाही. त्याला जे विचारले नाही, ते त्याने सांगितले नाही.

आणखी एक आकडा सांगतो आणि आकडे पुरे करतो. २००१ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली त्या ८०७ राहिल्या. राज्यातील सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी. आणि ही दहा वर्षे कोणती? साक्षरता ६८ वरून ७७ वर गेली तीच ही वर्षे. रस्ते, दवाखाने, यंत्रे आली तीच ही वर्षे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता, १९९४ साली केंद्राचा कायदाही झाला; तरी हे झाले. अडाणीपणामुळे आणि दारिद्र्यामुळे असे होते, असे आपण समजत होतो. पण सोनोग्राफीला पैसे लागतात. यंत्र आले, पैसा आला, आणि मुलीला नको म्हणण्याची सोय झाली. साधने वाढली, मने होती तेथेच राहिली. हुंडा देण्याची ऐपत वाढली की हुंडाही वाढतो, हे आपल्यापैकी कोणाला सांगावयास नको.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. कोणी म्हणेल, आधी भाकरी मोठी होऊ द्या, मग वाटणीचे बोला; रिकाम्या टोपलीची वाटणी काय करणार? ह्यात तथ्य आहे. उत्पन्न न वाढता विकास होईल, असे आम्ही म्हणत नाही. ऊसतोड उद्या थांबली तर लाखो घरांच्या चुली थांबतील, आणि ज्यांच्यासाठी आपण बोलतो तेच आधी उपाशी राहतील. पण ‘आधी वाढ, मग विकास’ ह्या क्रमातच चूक आहे. ऊसतोडीला तीन पिढ्या जात आहेत. ‘मग’ अजून आलेले नाही. मुलाला आधी वाढवू आणि दूध नंतर पाजू, असे कोणी म्हणत नाही.

दुसरा मार्ग आहे, आणि तोही परदेशातून आणावा लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात ह्याच मराठवाड्यातील माणसे खडी फोडायला, तलाव खोदायला गेली. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून रोजगार हमी योजना पुढे आली. १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा माणसाचा हक्क आहे आणि ते देणे सरकारचे कर्तव्य आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. म्हणजे शहराने खेड्याच्या हाताला काम दिले, आणि खेड्याने त्या कामातून पाझर तलाव आणि बांध उभे केले. राज्य तेव्हा आजच्याइतके श्रीमंत नव्हते. तरी ते झाले, कारण प्रश्न नीट विचारला गेला होता. २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा धडा समोर होता.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजारही असेच. तेथेही पाऊस कमी, माणसे स्थलांतर करणारी. १९९० च्या आसपासपासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने डोंगरावर चर खोदले, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस लावावयाचा नाही असे ठरवले, आणि दर वर्षी किती पाणी मुरले ते मोजून मग पिके ठरवली. उत्पन्न वाढले ते त्यानंतर, आणि गेलेली कुटुंबे परत आली. एका गावाचे उदाहरण जिल्ह्याला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे आम्ही जाणतो. पण क्रम लक्षात घ्या: आधी पाणी, आधी एकमत; पैसा मागून आला.

मग विकास मोजावयाचा कशाने? १९९० पासून महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून मानव विकासाचे मोजमाप जगभर सुरू झाले. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही धरतात. त्याआधी आपल्याकडे वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत कोणता जिल्हा किती मागे आहे, हे मोजून अनुशेष मांडला. ते मोठे काम होते. पण अनुशेषात दवाखान्याची इमारत मोजली जाते; त्या इमारतीत बाईला काय सांगितले जाते, ते मोजले जात नाही. म्हणून आम्हांला वाटते की ह्या जिल्ह्यापुरते तरी आपण चार साधे प्रश्न ठरवावेत, आणि दर वर्षी तेच विचारावेत.

पहिला: यंदा किती कुटुंबांना गावातच काम मिळाले आणि कोयता उचलावा लागला नाही? दुसरा: जे गेले त्यांच्यात बाईच्या कामाची नोंद आणि मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर झाली काय, आणि फडावर तिला पाणी, आडोसा व विश्रांती मिळाली काय? तिसरा: मागे राहिलेल्या मुलांपैकी किती जण हंगामात शाळेत होते, आणि त्यांत मुली किती? चौथा: पाळण्यात हजार मुलग्यांमागे मुली किती? ह्या चार प्रश्नांची उत्तरे सुधारत असतील, तर उत्पन्नाचा आकडा थोडा कमी असला तरी जिल्ह्याने बाळसे धरले आहे असे समजावे. उत्तरे बिघडत असतील, तर आकडा कितीही फुगो, ती सूज आहे.

ह्यातले काही सरकारने करावयाचे आहे. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले आहे, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे; ती कागदावरून जमिनीवर किती उतरली, हे पाहत राहणे नागरिकांचे काम आहे. काही कारखान्यांनी करावयाचे आहे. साखरेच्या पोत्यात तोडणाऱ्या बाईच्या न्हाणीघराचा खर्च धरला तर साखर फार महाग होणार नाही. पण काही आपणच करावयाचे आहे. डॉक्टर ह्या शहरांतले आहेत, सोनोग्राफीची यंत्रे ह्या शहरांत आहेत, उचलीचे पैसे ह्याच बाजारात खर्च होतात, आणि सून निवडताना हुंड्याचा आकडा आपल्याच दिवाणखान्यात ठरतो.

वसंतातल्या ह्या व्याख्यानांना आपण संध्याकाळी गार वाऱ्याला येतो. नेमक्या ह्याच दिवसांत फडावरून परतलेल्या गाड्या बालाघाटचे घाट चढत असतात. त्यांत वर भांडी, सरपण, कोंबड्या आणि मधोमध बसलेली मुले दिसतात. अशी गाडी रस्त्यात आडवी आली तर भोंगा वाजवण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि मुलांत शाळेच्या वयाची मुलगी दिसते काय, ते पाहावे. आपल्या जिल्ह्याची वाढ झाली की विकास झाला, ह्याचा निम्मा हिशेब त्या गाडीतच बसलेला असतो.